‘१८५१ चे सिंगर’ म्हणून दाखवलेले पायमशीन ओळखावे कसे?

दोंडाईच्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आईकडे होते तसे जुने पायमशीन त्यांना घरच्या शिवणासाठी हवे आहे. शहाद्याकडच्या एका गावात त्यांना काळ्या रंगाचे, सोनेरी नक्षीचे सिंगर दाखवण्यात आले. विकणारे गृहस्थ ते १८५१ सालचे असल्याचे सांगून २५ हजार रुपये मागत आहेत, तर सोबत नेलेल्या शिंप्याने ते बघताक्षणी डुप्लिकेट ठरवले. ताईंनी चार फोटो पाठवले आहेत आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत: दोघांपैकी खरे कोण, मशीन घ्यावे की नाही, आणि हे नाही घेतले तर दुसरे कुठे शोधावे.

ताई, माझा व्यवसाय शिलाई मशीन दुरुस्तीचा आहे आणि जळगाव-धुळे-नंदुरबार या पट्ट्यातली पायमशिने उघडण्यात आणि जोडण्यात माझे आयुष्य गेले आहे. फोटो पाहून माझे मत असे झाले की, दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. वरचे हेड बहुधा अस्सल सिंगरचेच आहे. मात्र ते १८५१ चे नाही, १९५० च्या आसपासचे आहे. खालचे बिडाचे स्टँड सिंगरचे नाही, आणि शिंपीदादांची नजर नेमकी तिथे गेली असावी. हे मी कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुढचे मशीन तुम्हाला कोणाला न विचारता स्वतः पारखता येईल.

सर्वप्रथम हे लक्षात घ्या की, पायमशीन ही एकच वस्तू नसून वरचे हेड, मधले लाकडी टेबल आणि खालचे स्टँड या तीन वस्तूंची ती जोडणी असते. पूर्ण आकाराच्या सिंगरचा जो सपाट भाग टेबलात बसतो, त्याला आम्ही बेड म्हणतो. तो साधारण साडेचौदा इंच लांब आणि सात इंच रुंद असतो, आणि पुढे आपल्याकडच्या कंपन्यांनीही तेच माप कायम ठेवले. त्यामुळे एका कंपनीचे हेड दुसऱ्या कंपनीच्या टेबलात सहज बसते, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ते बसवलेही गेले आहे. स्टँडची जाळी तुटली की शिंपी दुसरे स्टँड आणतो, टेबलाला वाळवी लागली की सुतार नवे टेबल करून देतो, आणि हेड तेच राहते. म्हणून स्टँडच्या मधल्या पट्टीवर ओतलेले नाव वाचून हेड कोणाचे हे ठरवू नये, तसेच हेडवरच्या नावावरून स्टँडची किंमत लावू नये. तुमच्या तिसऱ्या फोटोत स्टँडच्या मागच्या पट्टीत सिंगरचे नाव कुठेच दिसत नाही आणि बिडाच्या कडा जाड, खरबरीत आहेत. जुन्या सिंगरच्या स्टँडची ओतकामाची वेलबुट्टी बारीक आणि कडा साफ असतात, मधोमध कंपनीचे नाव असते. वापराच्या दृष्टीने मात्र दुसरे स्टँड असणे हा दोष नव्हे.

आता १८५१ विषयी. हेडच्या उजव्या बाजूच्या उभ्या खांबावरच्या पितळी बिल्ल्याचा तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहा. लंबगोल बिल्ल्याभोवती निळी कड आहे आणि त्या कडेत १८५१ च्या जोडीला १९५१ हाही आकडा आहे. आयझॅक मेरिट सिंगर यांना त्यांच्या शिवणयंत्राचे पेटंट १८५१ साली मिळाले, आणि त्याला १०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने कंपनीने हे शताब्दीचे बिल्ले आपल्या मशीनवर लावले. म्हणजे हा बिल्ला ज्या मशीनवर मुळात लागला, ते १९५१ च्या आगेमागे बनलेले आहे. बहुतेक वेळा विकणाऱ्याचा फसवण्याचा हेतू नसतो. बिल्ल्याची उजवी बाजू झिजलेली किंवा मळलेली असते, पहिलाच आकडा डोळ्यांत भरतो आणि तोच घरात तोंडी चालत राहतो. १८५० च्या दशकातली सिंगर मशिने दिसायलाही अगदी निराळी होती आणि ज्या लाकडी पेटीतून ती येत, तीच पाय चालवण्यासाठी स्टँड म्हणून वापरली जाई. वर काळे गोलाईदार हेड, खाली नक्षीचे बिडाचे स्टँड हे जे रूप आपल्या डोळ्यांसमोर येते, ते त्यानंतरचे आहे.

तारखेबाबतची दुसरी गफलत सरकत्या पट्टीमुळे होते. सुईच्या डाव्या हाताला बेडवर जी चकचकीत पट्टी असते आणि जी सरकवून आपण खालचा दोरा बदलतो, तिच्यावर काही जुन्या मशिनांत इंग्रजीत तारखांची ओळ कोरलेली असते. त्या पेटंटच्या तारखा आहेत. मशीन त्यांतल्या शेवटच्या तारखेच्या आधीचे असू शकत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. ते त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेले असू शकते.

वर्षाचा खरा पुरावा क्रमांक. सिंगरमध्ये तो बेडवर उजव्या हाताला, खांबाच्या बुडाशी ठोकलेला असतो. तुमच्या चौथ्या फोटोत तिथे तेलाचा आणि मातीचा काळा थर आहे आणि फक्त पहिले अक्षर ‘ई’ वाचता येते. तो थर खरवडू नका, पॉलिश पेपर तर मुळीच लावू नका. जुन्या सुती कापडाच्या बोळ्यावर मशीनचे तेल घेऊन जागा ओली करा, थोडा वेळ जाऊ द्या, मग हलक्या हाताने पुसा. त्यानंतर शिंप्याचा पांढरा खडू आडवा धरून आकड्यांवरून फिरवा आणि वरवरची पूड बोटाने झटका. खडू फक्त खोलगट भागात उरतो आणि काळ्या रंगावर आकडे पांढरेशुभ्र उमटतात. स्पिरिट किंवा थिनर तिथे नेऊ नका, कारण जुन्या सिंगरच्या सोनेरी नक्षीवर जे लाखेचे आवरण असते, ते स्पिरिटने विरघळते आणि नक्षी कापडाबरोबर निघून येते. असे नक्षी गेलेले हेड मग कोणीतरी काळा ऑइल पेंट मारून विकायला काढतो.

क्रमांकाचे वाचन असे आहे. १९०० पूर्वीच्या सिंगरच्या क्रमांकाआधी अक्षर नसते, नुसते आकडे असतात. १९०० पासून आधी एक अक्षर येऊ लागले आणि पुढे दोन अक्षरे. ही अक्षरे कारखान्यानुसार दिलेली होती. आपल्याकडे आलेली बहुसंख्य जुनी सिंगर मशिने स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक इथल्या कारखान्याची आहेत. तो १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. कारखान्याच्या जागेचे नाव किलबोवी, म्हणून तिथल्या मॉडेलच्या आकड्यापुढे ‘के’ लागतो: १५के, ६६के, २०१के. आपल्या भागात मला वारंवार दिसणारी अक्षरे म्हणजे ‘एफ’, जे मुख्यतः १९१० च्या दशकातले. ‘वाय’, जे १९२० च्या दशकातले आणि १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धातले. आणि त्यानंतरची ‘ई’ ने सुरू होणारी दोन अक्षरे. तुमच्या फोटोतले ‘ई’ आणि शताब्दीचा बिल्ला या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत, म्हणून मी १९५० च्या आसपासचे म्हटले. दुसरे अक्षर वाचता आले की, सिंगरच्या क्रमांकांच्या ज्या याद्या इंटरनेटवर उपलब्ध आहेत, त्यांवरून वर्ष नक्की करता येईल. फक्त एवढे ध्यानात ठेवा की, क्रमांक गठ्ठ्याने राखून ठेवले जात. यादीतले वर्ष हे तो गठ्ठा राखल्याचे, आणि मशीन गिऱ्हाइकाच्या घरी पोचायला त्यानंतर वर्ष-दोन वर्षेही गेलेली असतात.

बिल्ला आणि क्रमांक यांचा मेळ बसतो का, हे मी प्रत्येक वेळी पाहतो. बिल्ला दोन बारीक रिबिटांनी बसवलेला असतो. तो एका हेडवरून काढून दुसऱ्यावर लावणे अवघड नाही. शताब्दीचा बिल्ला आणि क्रमांक ‘एफ’ चा, असे दिसले तर बिल्ला बाहेरून आलेला आहे असे समजावे. तसेच अस्सल सिंगरच्या सुट्या भागांवर, म्हणजे सरकत्या पट्टीवर, कापड दाबून धरणाऱ्या दाबाच्या पायावर, बॉबिनवर (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळावर), ‘सिमॅन्को’ असा बारीक ठसा पुष्कळदा सापडतो. सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या नावाचे ते संक्षिप्त रूप आहे. पण सुटे भाग बदलले जातात, म्हणून तो ठसा त्या भागापुरताच पुरावा देतो. लुधियान्यात बनलेल्या हेडमध्ये सिमॅन्कोचा पाय बसवलेला मी पाहिला आहे आणि अस्सल सिंगरमध्ये स्थानिक बॉबिन केस तर रोजच पाहतो. बनावट ओळखायची असेल तर नक्षीवरून नख फिरवा. मूळ नक्षी आवरणाखाली असते, नखाला लागत नाही आणि हाताच्या घासण्याने बेडच्या पुढच्या कडेला ठरावीक जागी झिजलेली असते. नव्याने चिकटवलेल्या स्टिकरची कड नखाला अडते, आणि मशीन साठ-सत्तर वर्षांचे सांगितले जात असताना नक्षी कुठेही झिजलेली नसते.

इथवर वर्ष आणि घराणे झाले. पण तुम्हाला मशीन शिवायला हवे आहे, आणि त्यासाठी या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न असा की, खालचा दोरा कशात भरतात? मी स्वतः कोणतेही अनोळखी मशीन बघताना नाव सर्वांत शेवटी वाचतो. आधी सरकती पट्टी उघडतो, कारण मशीन उद्यापासून चालेल की शोभेला राहील, हे त्या पट्टीखालच्या चार बोटे जागेत ठरते.

पट्टी उघडल्यावर पहिल्यांदा दिसतो तो कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखाली दाबून बसलेला करड्या रंगाचा मळ. कापसाचे तंतू, तेल आणि धूळ यांचा तो इतका घट्ट थर होतो की, चिमट्याने धरला की नमद्यासारखा अखंड तुकडा निघतो, आणि त्यात कधीकाळी शिवलेल्या कपड्यांचे लाल-हिरवे दोरे अडकलेले असतात. तो मळ बाजूला केला की यंत्रणा दिसते. तिथे होडीच्या किंवा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे लांबट शटल असेल आणि त्याच्या पोटात दोन्ही टोकांना चकत्या असलेली लांब, बारीक बॉबिन असेल, तर ते शटल झोक्याने पुढेमागे जाणाऱ्या प्रकारचे मशीन आहे. सिंगरमध्ये याची मॉडेल २७, २८, १२७ आणि १२८ अशी आहेत. वरूनही ते ओळखता येते: सुईच्या पुढे एक आणि मागे एक, अशा दोन सरकत्या पट्ट्या त्याला असतात. टाका अतिशय देखणा येतो, आवाज मऊ असतो, पण लांब बॉबिन आणि शटल आपल्याकडच्या दुकानांत मिळत नाहीत. शटल हरवलेले असेल तर असे मशीन घेऊ नये, आणि शटल एकच आणि बॉबिनही एकच असेल तर दुसऱ्या बॉबिनची सोय झाल्याशिवाय घेऊ नये. याहूनही जुन्या धाटणीत शटल डावी-उजवीकडे सरळ धावते. त्याची सुईसुद्धा आजच्या साध्या सुईपेक्षा निराळी लागते. ते संग्रहात ठेवावे, त्यावर रोजचे शिवण धरू नये.

दुसऱ्या प्रकारात बॉबिन गोल असते आणि पट्टी सरकवली की वरूनच, आडवी, खड्ड्यात बसवलेली दिसते. ६६के आणि तिची लहान बहीण ९९के या जातीच्या आहेत, आणि १९३५ पासूनची २०१केही वरून बॉबिन घालायचीच आहे. २०१के ही माझ्या मते घरगुती सिंगरमधली सर्वांत सफाईदार मशीन. तिच्या आत दांड्यांऐवजी दातेरी चाके असल्यामुळे ती पाण्यासारखी फिरते. यांच्या बॉबिन वेगळ्या असतात, पण मागवल्या तर मिळतात.

तिसरा प्रकार म्हणजे १५ नंबरची जात, आणि आपल्या भागात तीच सर्वांत अधिक आहे. यात गोल बॉबिन बॉबिन केसमध्ये घालून ती केस खालच्या बाजूने, डावीकडून, उभी बसवतात. दोऱ्याच्या ताणाची चकती हेडच्या डाव्या टोकाच्या पत्र्यावर असते. तुमच्या पहिल्या फोटोत ताणाची चकती तिथेच आहे आणि सरकती पट्टी एकच आहे, म्हणून ही १५के असावी असे मी धरून चालतो. याचा तुम्हाला होणारा फायदा मोठा आहे. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची उषा असो किंवा लुधियान्याची रीटा, आपल्याकडची काळी साधी मशिने याच १५ च्या धर्तीवर बनली. त्यामुळे बॉबिन, केस, सुई, दाते, स्प्रिंग यांपैकी जे लागेल ते दोंडाईच्यातसुद्धा मिळेल आणि कोणताही मिस्त्री ते बसवून देईल.

सिंगर सोडून इतर नावेही तुमच्या समोर येतील. जर्मनीतल्या कैसरस्लाउटर्नची फाफ १८६२ पासूनची, दणकट आणि अचूक. मँचेस्टरजवळच्या जोन्सची मशिने क्वचित दिसतात. काहींवर तर दुकानदाराचे नाव असते आणि बनवणारा कोण ते कुठेच लिहिलेले नसते. अशा निनावी मशीनलाही वरचाच प्रश्न विचारावा: बॉबिन कोणती, ती मिळते का, आणि सुई कोणती लागते. तीनही उत्तरे समाधानकारक असतील तर नाव नसल्याने काही अडत नाही.

आता मशीनपाशी पुन्हा जाल तेव्हा काय तपासावे ते सांगतो. पट्टा उतरवा. चाकाच्या मधली गोल चकती सैल करून आणि पुन्हा आवळून पाहा. ती सैल केल्यावर सुई न हलता चाक एकटे फिरले पाहिजे, कारण बॉबिन भरण्यासाठी ती सोय आहे. मग चाक स्वतःच्या दिशेने हळूहळू फिरवा. पूर्ण फेऱ्यात कुठे एकाच ठरावीक जागी अडकत असेल तर आत काही वाकलेले आहे किंवा दोरा गुंतला आहे. सगळीकडे सारखेच जड फिरत असेल तर घाबरू नका, ते बहुतेक वाळलेल्या तेलाचे लक्षण असते. आपल्याकडे मशीनचे तेल संपले की घरातले गोडेतेल घालण्याची पद्धत होती, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात ते सांध्यांत सुकून अगदी वार्निशसारखे कडक होते. अगदी जाम झालेले मशीनसुद्धा यातून सुटते. प्रत्येक छिद्रात मशीनचे पातळ तेल सोडायचे, हेड कापडाने झाकून उन्हात गच्चीवर ठेवायचे, म्हणजे बीड तापते आणि आतला चिकटा सैल होतो; मग चाक हातानेच थोडे पुढे, थोडे मागे करायचे. एक-दोन दिवस धीर धरावा लागतो. हातोडी किंवा पाना लावून चाकावर जोर काढू नये, दांडा पिळतो.

याउलट ज्या दोषांपुढे माघार घ्यावी, ते असे. बीड कणखर असले तरी ठिसूळ असते, म्हणून खांबाच्या बुडाशी आणि मागच्या बिजागरीच्या भोकांपाशी बारीक तडा आहे का, ते उजेडात पाहा. तिथे वेल्डिंग केलेले दिसले तर मशीन स्वस्त असले तरी सोडून द्या. चाक धरून आत-बाहेर हलवा आणि सुईचा दांडा बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित हालचाल चालते, पण खटखट आवाज येत असेल तर झीज फार झाली आहे. धाब्याच्या घरात राहिलेल्या मशिनांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण छताची बारीक माती वर्षानुवर्षे वरून गळत राहते आणि तेलात मिसळून सांधे घासून टाकते. गंजाचा त्रास मात्र आपल्या कोरड्या हवेत कोकणाच्या मानाने पुष्कळ कमी. आपल्याकडे हवेचा मार बसतो तो टेबलाला: लाकूड तडकते आणि वरचा पातळ थर सुटतो. ते सुताराचे काम आहे, त्यासाठी चांगले हेड नाकारू नये.

यानंतर दोन साध्या परीक्षा. पहिली कागदाची. वहीचा कागद दुहेरी घडी करून, दोरा न ओवता, नुसत्या सुईने एक वीतभर चालवा आणि कागद उजेडाकडे धरा. भोके एका रेषेत आणि सारख्या अंतरावर असतील तर दाते आणि सुईचा दांडा ठीक आहेत. भोके नागमोडी पडली तर दांडा हलतो आहे. मधूनच जवळजवळ पडली तर दाते झिजले आहेत किंवा दाबाच्या पायाची स्प्रिंग गेली आहे. दुसरी परीक्षा दोन रंगांच्या दोऱ्यांची. वर लाल, खाली पांढरा दोरा घ्या आणि सुती कापडाच्या दोन पदरांवर शिवा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके किंवा खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर ताण जुळवावा लागेल, एवढेच. टाके सुटत असतील तर मशीनला दोष देण्याआधी सुई नवी घाला आणि तिची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला आहे, याची खात्री करा. निम्म्याहून अधिक तक्रारी माझ्याकडे केवळ उलट्या बसवलेल्या सुईपायी येतात.

किमतीबद्दल कोणीही एकच आकडा सांगू शकणार नाही, कारण ती मशीनची अवस्था, सुटे भाग आणि घेणाऱ्याची गरज यांवर ठरते. पण जुने म्हणजे दुर्मीळ, हा समज सिंगरच्या बाबतीत टिकत नाही. एकट्या १९१३ साली क्लाइडबँकच्या कारखान्यातून १० लाखांहून अधिक मशिने बाहेर पडली. आपल्याकडे ती हप्त्याने घेता येत असल्यामुळे साध्या शिंप्यापासून शेतकरी घरापर्यंत पोचली, पुढे लेकीच्या लग्नात आंदण म्हणूनही दिली गेली. शिवण्यासाठी घ्यायचे असेल तर माझा हिशेब असा असतो की, नव्या साध्या देशी पायमशीनची किंमत आधी विचारून घ्यावी आणि जुन्याची किंमत अधिक दुरुस्तीचा खर्च मिळून त्याच्या वर जाऊ देऊ नये. फारच सुस्थितीतले सिंगर असेल आणि तुमचे मन त्यावर बसले असेल, तर थोडे अधिक देण्यात वावगे नाही. परंतु १५के साठी, तेही दुसऱ्या स्टँडसह, २५ हजार रुपये ही किंमत मला योग्य वाटत नाही. ती १८५१ या आकड्याची किंमत आहे.

याच संदर्भात एक सावधगिरीची गोष्ट. जुन्या सिंगरमध्ये ‘रेड मर्क्युरी’ नावाचा अतिशय मौल्यवान पदार्थ असतो, अशी अफवा २००९ साली सौदी अरेबियात पसरली होती. मोबाईल फोन मशीनजवळ नेला आणि लाइन तुटली की तो पदार्थ आहे, अशी परीक्षाही लोक करत होते आणि जुन्या मशीनसाठी भरमसाट पैसे मोजत होते. असा कोणताही पदार्थ या मशीनमध्ये नसतो. आत बीड, पोलाद, थोडे पितळ आणि तेल यांखेरीज काही नाही. अशा गोष्टी सांगून कोणी किंमत वाढवू लागला, किंवा उलट तुमच्याच घरातल्या मशीनसाठी आगाऊ रक्कम घेऊन काही ‘तपासणी’ करायला आला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

दुसरे मशीन शोधायचे असेल तर माझा अनुभव असा की, भंगारवाल्याकडे जाईपर्यंत उशीर झालेला असतो. हेड आणि स्टँड तिथे वेगळी होतात, बॉबिन केस हरवते आणि बिडाच्या स्टँडवर काच टाकून त्याचे टेबल केले जाते. त्याआधी पोचायला हवे. दोंडाईचा, नंदुरबार, अमळनेर ही सारी सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरची गावे. कापसाच्या व्यापाराने आणि गिरण्यांनी इथे पैसा खेळता राहिला, आणि म्हणूनच या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांत चांगली मशिने सापडतात असे मला वाटते. भुसावळला रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या कुटुंबांकडे विचारावे. गावातले वयस्क शिंपी हा तर सर्वांत भरवशाचा मार्ग, कारण त्यांपैकी अनेकांनी मोटारीवर चालणारे मशीन घेतले असून जुने पायमशीन दुकानाच्या मागे झाकून ठेवलेले असते, आणि ते शेवटपर्यंत चालते असल्यामुळे त्यात दोष कमी असतात. शाळांचे गणवेश आणि लग्नसराई यांची घाई संपली की त्यांच्याकडे निवांत बोलता येते.

घरांमधले मशीन शोधायचे तर वेळ साधावी लागते. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या आधी घरोघरी झाडलोट आणि रंगरंगोटी होते, तेव्हा वरच्या खोलीतल्या वस्तू खाली येतात आणि ‘हे आता कोणाला हवे?’ हा प्रश्न निघतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, तेव्हा आजीबाईंच्या मशीनचे काय करायचे हे ठरते. अशा वेळी ओळखीच्या चार घरी आधीच सांगून ठेवलेले असले पाहिजे. आणि मशीन दाखवले गेले की त्याच्या टेबलाचे खण जरूर पाहा. जादा बॉबिन, किनार दुमडायचे पाय, स्क्रू ड्रायव्हर आणि नशीब असेल तर खरेदीची पावती किंवा हप्त्यांचे पुस्तक तिथेच असते. तसे कागद मिळाले तर मशीनची तारीख बिल्ल्यावरून लावायची गरजच राहत नाही. घरच्यांना ते कागद ठेवायचे असतील तर निदान फोटो घेऊन ठेवा.

शहाद्याच्या मशीनबाबत माझा सल्ला असा: आज नकार देऊ नका आणि पैसेही देऊ नका. क्रमांकाचा खडू लावलेला फोटो, सरकती पट्टी उघडून आतला फोटो आणि बॉबिन केस बाहेर काढून तिचा फोटो, असे तीन फोटो घेऊन पाठवा, आणि कागदाची परीक्षा तिथेच करून तो कागद जपून आणा. विकणाऱ्या गृहस्थांना बिल्ल्यावरचा दुसरा आकडा शांतपणे दाखवा. बहुतेक माणसे ते पाहिल्यावर किमतीबद्दल बोलायला तयार होतात. व्यवहार ठरला तर हेड स्टँडवर तसेच ठेवून टेम्पोत घालू नका. पट्ट्याची क्लिप सोडून पट्टा काढा, हेड मागे कलते करून बिजागरीचे दोन स्क्रू सैल करा आणि दोघांनी मिळून हेड उचला. त्याचे वजन साधारण १२ ते १४ किलो भरते. ते गोधडीत गुंडाळून आडवे नव्हे तर उभे, बसते ठेवून आणा. घरी आणल्यावर पट्टा ढिला वाटला तर अर्धा इंच कापून पुन्हा क्लिप लावा, सगळ्या छिद्रांत तेल सोडा, आणि पहिल्या दिवशी दोरा न ओवता फक्त पाय चालवायची सवय करून घ्या, कारण चाक उलट फिरले की दोरा तुटतो आणि नवीन माणसाचा पाय सुरुवातीला नेमका उलटाच पडतो.